पाच नंबर, नापास

"पाच नंबर, या!"

हाक लेकीची होती, पण लेकीसारखी नव्हती. मैदानावर ती कुणालाच नावानं किंवा नात्यानं बोलवायची नाही. जाकिटावर जो आकडा, तेच त्या दिवसापुरतं नाव. लाइनमननं पाच नंबरचं जाकीट खाली ओढलं, पोट आत घेतलं आणि मोटरसायकलवर टांग टाकली.

टेलिफोन खात्यात असताना याच माणसानं खांद्याला शिडी अडकवून सगळा मुलूख मोटरसायकलवर पालथा घातला होता. मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि घरात गाडीचं नाव काढायची सोय राहिली नाही. आता इतक्या वर्षांनी डॉक्टरांनी मोकळीक दिली, तर बायको ऐकेना. शेवटी तिनंच तोडगा काढला. "पोरीच्या गाडी शिकवायच्या शाळेत परीक्षा द्या. तिनं पास केलं तर चालवा, नाहीतर बस आहेच." लाइनमनला हसूच आलं होतं. पोरीला हँडल धरायला शिकवलं कुणी? त्यानं जुन्या दोस्तांना सांगूनही टाकलं, की रविवारी घाटात मीपण येतोय, आणि कुणाच्या मागं बसून नाही!

मागे सहा नंबरचा शेठ उभा होता. मोठं फर्निचरचं दुकान, तोंडही तेवढंच मोठं. गळ्याला काचतो म्हणून हेल्मेटचा पट्टा सकाळपासून मोकळा सोडलेला. "काका, तुमचं काय, घरचंच काम," तो डोळा मारत म्हणाला. "आमच्याकडेही जरा बघायला सांगा."

"बघू, बघू," म्हणत लाइनमननं मिशीवरून हात फिरवला आणि क्लच सोडला.

काय सांगावं! शंकूंमधून तो असा लवत गेला, की कुंपणाला टेकलेली शिकाऊ मंडळी "वा काका!" म्हणून ओरडली. आठचा आकडा काढताना एकदाही पाय टेकला नाही. छाती भरून आली. मधली सगळी वर्षं आपण नुसतेच जगत होतो, असं त्याला वाटून गेलं. आता शेवटचं एकच राहिलं होतं. लाल झेंडा खाली आला, की पांढऱ्या रेघेच्या आत थांबायचं. रेघेपलीकडे एक प्लास्टिकची बादली पालथी ठेवलेली असे. ती बादली म्हणजे रस्त्यात आलेलं मूल, असं लेक सगळ्यांना बजावून सांगायची.

झेंडा खाली आला. लाइनमननं क्लच आवळला आणि डावा पाय जीव खाऊन दाबला. त्याच्या जुन्या गाडीला ब्रेक डाव्या पायाखाली होता. या गाडीला तिथं गिअर आहे. डोक्याला ते माहीत होतं, पायाला नव्हतं. गाडी मोकळी सुटली, रेघ ओलांडून गेली आणि बादली गडगडत कुंपणापाशी जाऊन पडली.

"पाच नंबर, नापास."

तो गाडीवरून उतरून तिच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, जुनी सवय. एकदाच पाय चुकला. बाकीचं बघितलंस ना? आता तुझ्या आईला काय सांगू?"

तिचा खालचा ओठ जरासा हलला. ते फक्त बापालाच कळलं असतं.

"बादली उडाली, पाच नंबर. पुढच्या महिन्यात या. गाडी ढकलत न्या."

शाळेचा रिवाजच तसा होता. पास झालेला हॉर्न वाजवत पुढच्या फाटकातून बाहेर पडायचा. नापास झालेल्यानं इंजिन बंद करून, सगळ्यांदेखत, गाडी मागच्या शेडपर्यंत ढकलत न्यायची. लाइनमन ढकलू लागला. कान तापले होते. कार्टी! हिच्या फुटलेल्या गुडघ्यांना मलम लावलं मी. दोस्त आता वर्षभर टर उडवणार. चारचौघांत बापाची अब्रू घालवली पोरीनं.

"सहा नंबर, या!"

मागून नेहमीची बडबड ऐकू आली नाही. लाइनमननं वळून पाहिलं. शेठ मुकाट्यानं हनुवटीखाली चाचपडत होता. त्यानं पट्टा ओढला, घट्ट बसवला, वर एकदा हिसका देऊनही बघितला. आणि ती, एवढीशी पोर, भर उन्हात बादली उचलून पुन्हा जागेवर ठेवत होती.

लाइनमन तिथंच उभा राहिला. बादली होती म्हणून निभावलं. रविवारी घाटात हाच पाय असाच चुकला असता तर? आणि पाठोपाठ असा अभिमान दाटून आला, की त्याला गाडी सावरून धरावी लागली. बापाच्या तोंडावर 'नाही' म्हणायला केवढं काळीज लागत असेल!

शेडपाशी एक बाई उभी होती. तिनं ढकलत आणलेली गाडी बघितली, त्याचा घामेजलेला चेहरा बघितला आणि बिचकत विचारलं, "काका, माझी मुलगी गाडी शिकायची म्हणून हट्ट धरून बसलीय. माझा तर धीरच होत नाही. इथल्या बाई नीट शिकवतात का हो?"

लाइनमननं गाडी स्टँडला लावली. जाकीट सरळ केलं. आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बिनघोर पाठवा, ताई. मी तिचा सख्खा बाप आहे, आणि तिनं मला आत्ताच नापास केलंय!"