शेजाऱ्याची साक्ष

"हा माणूस शेजाऱ्यांशी नीट वागतो का?" फादर टोबियासनी वेदीपाशी उभं राहून विचारलं, आणि ड्रेस्डेनच्या त्या छोट्या चर्चमधली झाडून सगळी तोंडं यशपाल मेश्रामकडे वळली.

यशपाल उठला. पहिल्या बाकावर त्याचे खालच्या मजल्यावरचे शेजारी, एकाहत्तर वर्षांचे हेर, म्हणजे श्रीयुत, लेमान, पाठमोरे ताठ बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

बाप्तिस्मा लेमानना हवा होता. फादर वयानं तरुण, पण चौथ्या शतकाच्या पुरते नादी लागलेले. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळींनी नवख्याला जसं घासूनपुसून घेतलं, तसंच ते घेणार. वर्षभर दर रविवारी लेमानना अर्ध्या प्रार्थनेतून उठवून बाहेर पाठवलं जाई, कारण पुढचा भाग बाप्तिस्मा झालेल्यांचा. पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाही म्हणायची तालीमही झाली होती. आज, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, शेजाऱ्याची साक्ष होती. शेजारी हो म्हणाला तर नाव वहीत आणि ईस्टरला डोक्यावर पाणी. नाही म्हणाला तर आधी सुधार, मग ये. शेजारी बौद्ध असला तरी फादरची हरकत नव्हती. एका जिन्यातला असला की झालं.

आता यशपालकडे सांगण्यासारखं काही कमी नव्हतं. तो कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात लागला, या घरात राहायला आला, आणि दुसऱ्याच आठवड्यात दारावर लेमानची पहिली चिठ्ठी चिकटली. 'शनिवार, १९:०४ ते १९:११, उड्या.' उड्या त्याच्या मुलीच्या, धम्मदीपाच्या. मग 'रविवार, कुकरच्या शिट्ट्या, पाच.' मग 'जिन्यात वास, प्रकार अज्ञात.' तो प्रकार म्हणजे लसणाची फोडणी. यशपालनं सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार फायलीला लावून ठेवल्या होत्या. जर्मनीत राहून माणूस दुसरं काय शिकणार?

गेल्या वर्षी याच सुमारास चिठ्ठ्या एकाएकी बंद झाल्या. लेमान पार्सल वर आणून देऊ लागले. धम्मदीपाला वाकून गुटेन मॉर्गन म्हणू लागले. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याची तब्येत बिघडली. परवा फादर साक्षीला बोलवायला आले तेव्हा खरं कारण कळलं.

म्हणजे हे सुख ईस्टरपर्यंतचं होतं. एकदा पाणी पडलं की लेमान मोकळे आणि चिठ्ठ्या सुरू. त्यापेक्षा 'अजून थोडी तयारी होऊ द्या' एवढंच म्हटलं, तर घराला आणखी एक वर्ष स्वस्थता. शिवाय ते तसं खोटंही नव्हतं. यशपालच्या जिभेच्या टोकावर तेच वाक्य होतं.

पण त्याला दुसरंही ठाऊक होतं. देव नाही असं जुन्या पूर्व जर्मनीतल्या शाळेत शिकलेला हा माणूस तीस वर्षं दर रविवारी बायकोला इथवर सोडायला यायचा आणि तिची छत्री धरून बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. दोन वर्षांपूर्वी रेनाटेबाई गेल्या. आता लेमानना आत यायचं होतं. याचं यशपालला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. मग पाच शिट्ट्या आठवायच्या.

"काय विचारून राहिला तो?" शेजारी बसलेल्या कमलाबाईंनी त्याची बाही ओढली. त्याची आई तीन महिन्यांसाठी भंडाऱ्याहून आली होती. छप्पन साली आठ वर्षांची असताना ती पांढरे कपडे घालून, बापाचं बोट धरून नागपूरला गेली होती आणि लाखो लोकांबरोबर एका दिवसात बौद्ध होऊन परतली होती.

यशपालनं वाकून हळूच सांगितलं, "शेजाऱ्यानं हो म्हटलं तरच यांना धर्म मिळतो, आई."

कमलाबाईंनी क्षणभर विचार केला. "बरं झालं बाप्पा, आपल्या वेळी शेजाऱ्यांना नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "गाव हो म्हणायची वाट पाहिली असती, तर आपण अजून लायनीतच असतो."

यशपालला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तो सरळ उभा राहिला.

"हेर लेमान चांगले शेजारी आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यांना आत घ्या."

लेमाननी मागे वळून पाहिलं. म्हातारा चक्क रडत होता. यशपालनं मनातल्या मनात धम्मदीपाच्या उड्यांखाली घालायच्या जाड गालिच्याची किंमत काढायला सुरुवात केली.

फादर खुलले आणि खुशीत जरा जास्तच बोलून गेले. "तर मग ईस्टरला भेटू. जुन्या काळी यांना तीन वर्षं थांबावं लागलं असतं."

लेमानचा हात वर गेला. डोळे पुसून झाले होते. "तीन? नियम तीन वर्षांचा आहे?"

"होता, काही ठिकाणी. आता सवलत देतात."

"सवलतीसाठी मी अर्ज केलेला नाही." लेमान उभे राहिले. "माझं एक वर्ष झालंय. गेनाऊ, बरोबर एक."

फादरनी परोपरीनं समजावलं, पण लेमानपुढे नियम काढल्यावर मग कोणाची डाळ शिजणार? प्रार्थना अर्ध्यावर आली तसे ते नेहमीप्रमाणे बाहेर निघाले, मान ताठ, चेहऱ्यावर समाधान. यशपालच्या बाकापाशी मात्र थांबून ते वाकले.

"दोन वर्षं आहेत अजून, हेर मेश्राम," ते कुजबुजले. "पोरीला काय उड्या मारायच्या असतील, त्या तेवढ्यात मारून घेऊ द्या."