पाटपूजेचं दूध

"अहो, बाहेर या! मोरीचं तोंड बारीक होतंय!" सुभद्रा ओरडली.

"उपास तू करतेस आणि बारीक मोरी होते होय?" पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी धुडकू आतून हसला. बंधारा नव्यानं बांधल्यावर गाळ काढायला तो आज पहिल्यांदाच पाणी सोडायच्या त्या मोरीत शिरला होता. पलीकडच्या टोकाला पाणी अडवणारं दार बंद होतं, आणि तो अलीकडच्या तोंडाशी आला तेव्हा त्यातून त्याचं डोकंही निघेना.

सुभद्रेनं बंधारा बांधणाऱ्या इंजिनीअरबाईंना फोन लावला.

"ताई, त्या काँक्रीटमध्ये जिवाणू असतात. तडे बुजवतात, पण महिनोन्‌महिने लागतात त्यांना. कुणी काही खायला घातलं का?"

"खायला कोण घालेल, बाई? सकाळी पाटपूजा झाली. रीतीप्रमाणे घरोघरचं दूध बंधाऱ्यावर ओतलं."

"दुधावरच वाढतात ते. मी भिंत फोडायचं यंत्र घेऊन निघते. तोवर भोक बुजू देऊ नका, आत हवा जायला हवी."

धुडकूनं भोकातून हात बाहेर काढला. सुभद्रेनं तो घट्ट धरला आणि पुटपुटत देवाचं नाव घेऊ लागली.

"सोड गं, तूही अडकशील."

तिनं सोडला नाही. कोमट भिंत त्याच्या मनगटावरून तिच्या बोटांवर चढू लागली होती.