समोरच्या दारचा निळा ट्रक

ओहायोतल्या त्या गल्लीत दारापुढची पार्सलं चोरीला जाऊ लागली. पोलिसांनी ज्यांची इच्छा असेल त्यांच्याकडे घरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. मार्लिसबाईंनी चार रविवारांचं चित्रण लगेच पाठवलं.

"हा निळा ट्रकवाला बघ," घरी आलेल्या तरुण पोलिसाला त्या तणतणत म्हणाल्या. "दर रविवारी समोरच्या ओपलकडे हजर! तिचं गवत कापतो, व्हरांड्यात बसून तिच्या हातचा केक मिटक्या मारत खातो. धर याला!"

पोलीस अवघडला. "बाई, हा तर ओपलबाईंचा जावई आहे."

 

"मला काय सांगतोस? माझ्याच पोटचा आहे तो. चार रविवारांत एकदा तरी रस्ता ओलांडून माझ्या दाराशी आला का, तेवढं शोधून दे."