धक्क्याची तालीम

डावीकडून धक्का बसला आणि सूर्यभान छावणीच्या मैदानात आडवा झाला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. तोंडात माती गेली. शेजारी त्याचा बाप मुंजाबा उभा होता, दोन्ही हात काठीवर रोवून, धापा टाकत.

“आबा, बाप हाय का वैरी? सांगून तरी ढकला!”

“ऊठ,” मुंजाबा म्हणाला. “चाल.”

सहा महिन्यांपूर्वी कारखान्यात शिडीवरून पडून सूर्यभानच्या डोक्याला मार लागला होता. जखम भरली, पण तोल गेला तो गेलाच. भिंतीवरचा हात सुटला की जमीन पाळण्यासारखी डुलायची. साहेबांनी निरोप धाडला होता, महिनाअखेरीपर्यंत आधाराशिवाय चालत आलास तर काम तुझं, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. बायको चतुराबाई चार घरची धुणी करून चूल पेटती ठेवत होती. अशात गंगापूरकडून बाप आला. उभा जन्म मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस, पण कळप धाकट्याच्या हवाली करून आला. कशाला, ते बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून लेकाला घेऊन मैदानात चालायला लागला, आणि चालता चालता, ध्यानीमनी नसताना, त्याचा खांदा लेकाच्या अंगावर येऊन आदळायचा.

पहिला पंधरवडा सूर्यभान नुसता पडत राहिला. पडू नये म्हणून अंग ताठ करायचा, आणि ताठ केलं की हमखास पडायचा. मग एका सकाळी धक्का बसला आणि तो पडलाच नाही. अंग जिकडं कललं, तिकडंच पाऊल जाऊन पडलं, फाकून, घट्ट. त्यानं ते टाकलं नव्हतं. ते आपलं आपण गेलं होतं. सूर्यभान कितीतरी वेळ आपल्याच पायाकडं बघत राहिला. डोक्याला कळायच्या आधी ह्याला कसं कळलं? कुणी सांगितलं ह्याला?

महिनाअखेरीला दोघं चिकलठाण्याला, कारखान्यावर निघाले. त्या दिवशी नामांतराचा मोर्चा होता. बस बंद. क्रांती चौकात निळे झेंडे आणि माणसंच माणसं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागणाऱ्या घोषणांनी छाती दणाणत होती. मुंजाबाला दम लागला म्हणून तो एका दुकानाच्या पायरीवर टेकला. वाट कुठून मिळते ते बघायला सूर्यभान एकटाच गर्दीत शिरला. तेवढ्यात पुढं कुठंतरी काहीतरी झालं, आणि अख्खा लोंढा उलटा फिरला.

खांदे, कोपरं, गुडघे. सगळीकडून धक्के. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई त्याच्या छातीवर येऊन आदळली. त्यानं तिला धरलं आणि डोळे मिटले. पाय मात्र जागे होते. एक मागं गेला, एक आडवा पडला, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. खांब नव्हता तो. खांब असता तर मोडला असता. लोंढा ओसरला तेव्हा तो उभा होता, ती बाई उभी होती आणि लेकरू त्याच्याकडं टकामका बघत होतं.

“दादा, तुमी नसता तर आमी दोघं पायाखाली गेलो असतो,” बाई म्हणाली. सूर्यभाननं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पायरीवरच्या बापाला घेऊन तो चालतच कारखान्यावर पोचला.

तिसऱ्या प्रहरी साहेबांनी त्याला कारखान्याच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाले, “उद्यापासून ये.”

फाटकाबाहेर लिंबाखाली मुंजाबा बसला होता. सूर्यभान धावत आला आणि त्यानं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आबा, तुमी ढकलून ढकलून शिकवलं, म्हणून मी आज उभा ऱ्हायलो.”

 उठायला म्हणून मुंजाबानं लेकाचा हात धरला.

“मी तुला ढकललं कवा, लेकरा? वरीस झालं, माझाच पाय दगा देतोय, तेच डागदराला दाखवाया आलो व्हतो शहरात, लाजंनं बोललो न्हाई. मी तुझ्यावर कोसळायचो, आन् तू मला सावरायचास.”