मागच्या हँडलवरचं पुस्तक

“थांबलीस का? पुढं वाच ना,” सासूबाई मागं न बघता म्हणाल्या.

जोडसायकलच्या पुढच्या सीटवर त्या होत्या. तरुणपणी सायकलवरून घरोघर दूध घातलेल्या बाईनं काय सुनेच्या पाठीकडं बघत जायचं? सून मागं. मागचं हँडल नुसतं धरायला असतं, वळत नाही. म्हणून सुनेनं त्यावर पुस्तक ठेवून कपड्यांच्या चिमट्यांनी पक्कं केलं होतं. कालव्याकाठचा रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुललेली. पाय मारता मारता ती मोठ्यानं वाचत होती.

ही सुट्टी सुनेनंच ठरवली होती. रोज एक गाव, आणि जुन्या पुस्तकांचं दुकान दिसलं की उतरायचं. शिकलेली माणसं पुस्तक उघडतात आणि आधी वास घेतात, जसं काही दूध नासलंय का बघतायत. सासूबाई दारात सायकल धरून उभ्या राहायच्या. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचं आत काय काम?

एके काळी त्यांच्या गोष्टी ऐकायला शेजारची पोरं जेवण टाकून यायची. मग गेल्या वर्षी भरल्या पाहुण्यांत सून हसत म्हणाली, “आई, हीच गोष्ट परत?” सासूबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. ‘मीठ दे’, ‘दार लाव’, एवढंच काय ते बोलणं. सुनेनं कितीदा माफी मागितली, पण गोष्ट काही परत निघाली नाही.

“आई, पुढची पानंच नाहीत. फाटलीत.”

“म्हणजे? ती नावाड्याची विधवा त्याची पेटी उघडत होती ना?”

“हो. झाकणाला हात लावला आणि संपलं.”

“आग लागो त्या दुकानदाराला. आता पेटीत काय होतं ते कोण सांगणार?”

सून पाय मारत राहिली. सासूबाईंनी बराच रस्ता दातओठ खात कापला. पूल ओलांडताना त्यांनी घसा खाकरला.

“दागिने तर नसणारच. तसला माणूसच नव्हता तो. ऐक.”

आणि सुरू झाल्या. पेटीतून होडीचं नवं शीड निघालं, शीड शिवणारी बाई निघाली, त्या बाईचा भांडकुदळ भाऊ निघाला. सून मागून “मग?” “मग काय हो?” करत राहिली. चढ कधी आला नि गेला, कळलंही नाही. गाव आलं तरी विधवा अजून भर नदीतच होती, म्हणून सासूबाईंनी गावाला आणखी एक फेरी मारली.

मुक्कामाच्या खोलीत सून आंघोळीला गेली. पुस्तक खिडकीत पडलं होतं, चिमट्यांसकट. कुठं फाटलंय ते बघावं म्हणून सासूबाईंनी चिमटे काढले.

फाटलं कुठंच नव्हतं. चिमटे लावलेल्या पानापुढं चांगली जाड थप्पी होती पानांची. शेवटच्या पानाच्या तळाशी मोठी अक्षरं होती. त्यांनी बोट ठेवून एकेक जुळवलं. स, मा, प्त.

त्यांनी पुस्तक होतं तसं ठेवलं. चिमटेही लावले. सून केस पुसत बाहेर आली.

“उद्याच्या गावात आहे का गं दुकान?”

“आहे की. का हो, आई?”

“काही नाही. घेशील ते असंच फाटकं बघून घे,” सासूबाई म्हणाल्या. “स्वस्तात देतात.”