न दाबलेली कळ

लेकीने आवाज सोडायची कळ दाबलीच नव्हती, तरी काचेपलीकडे आईचं बोट वर गेलं.

लेक थांबली. हेडफोनची वायर नीट बसली आहे ना, पाहिलं. मग नुसतीच मान खाली घालून कळीकडे हात नेल्यासारखं केलं. आईचं बोट पुन्हा वर. आणि चेहऱ्यावर उत्तर बरोबर आलेल्या शाळकरी पोरीचं हसू.

म्हणजे आई ऐकत नव्हती. बघत होती.

बाहेरच्या बाकावर आईबरोबर यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांना इथवर आणलं होतं ते आईनेच. लेक काम करायची ती संस्था आजवर बहिऱ्या झालेल्यांना कानाची मशीन देत आली होती. बैठकीत लेक हट्टालाच पेटली. पुढे कोण येणार, किती मशीन लागणार, किती माणसं शिकवून तयार ठेवायची, हे ठरवायचं तर ज्यांना आपण धडधाकट आहोत असं वाटतं त्यांचेच कान आज तपासायला हवेत. "तहान लागल्यावर विहीर खणायची का आपण?" ती म्हणाली होती. संस्थेच्या थोरल्या बाईंना ते पटलं. "पण बायका येतील का?" एवढंच त्यांनी विचारलं.

बायका येईनात. कान गेल्याचं कागदावर आलं की मुकादम मागावरून काढून झाडलोटीला लावणार, हे शेडमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. शेवटी आईच कंबर कसून उभी राहिली. "चला गं. माझ्या पोरीचं काम आहे. आधी मी बसते. मला काही झालं नाही तर तुम्हाला काय होतंय?"

लेकीने यंत्रापुढे फाइल उभी केली. आता तिचा हात पलीकडून दिसत नव्हता. नजर आईवर ठेवून तिने आवाज सोडायला सुरुवात केली. आधी अगदी बारीक शीळ. मग जरा मोठी. मग आणखी मोठी. आईचे डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. भुवई हलतेय का, खांदा हलतोय का. बोट अर्धवट उठलं आणि परत मांडीवर गेलं. घोगरे, जाड आवाज आले तेव्हा कुठे ते नीट वर झालं. बारीक आवाजांचा पत्ताच नव्हता.

मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही. शेडमधल्या बायका नुसत्या ओठांनी बोलतात. लहानपणी आई घरीही कधी कधी तशीच बोलायची आणि लेक खिदळायची. आई सगळ्यांच्या तोंडाकडे बघून ऐकते, हे तिला आज कळत होतं. कान तपासायचं शिक्षण घेतलेल्या लेकीला.

आणि तोंड दिसत नसेल तेव्हा?

लेकीचा हात कळीवरच राहिला. लग्नानंतर एकदा ती माहेरी आली होती. मोरीत आईकडे पाठ करून भांडी विसळत होती. आई मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. तोंड दाखवून सांगवत नव्हतं, म्हणून लेक नळाच्या धारेकडेच बघत म्हणाली होती, "आई, माझं बाळ पोटातच गेलं गं."

"हं," आई म्हणाली होती. "ते मोठं पातेलं पालथं घाल."

त्या 'हं'नंतर लेकीने तो विषय काढला नाही. आईला काळीज नाही, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. येणंजाणं चालू राहिलं, बोलणं कामापुरतं उरलं.

यंत्राने दाखवली तशी, उतरत गेलेली रेघ तिने कागदावर ओढली आणि जड दार ढकलून आत गेली. आईने हेडफोन काढला.

"झाले ना गं पास? बाहेर त्या खोळंबल्यात."

"नाही झालीस, आई."

आईने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "खरं तेच लिहिलंस?"

"हो."

आई हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "बरं केलंस. तुझं काम आहे ते, त्यात खोटं कशाला?" मग म्हणाली, "आवाज येतो गं. शब्दच तेवढे विरून जातात. मला वाटायचं, वय झालं की सगळ्यांचंच असं होतं." आणि उठता उठता, "झाडलोट तर झाडलोट. बाहेर मीच सांगते. तपासल्याशिवाय एकीलाही जाऊ द्यायची नाही मी."

लेकीने तिला हाताला धरून परत बसवलं. स्वतः समोर बसली, दिव्याचा उजेड तोंडावर येईल अशी. मग तिने नुसतेच ओठ हलवले, शेडमधल्या बायका हलवतात तसे.

माझं बाळ पोटातच गेलं होतं, आई. मी तुला सांगितलं होतं.

आई त्या ओठांकडे बघत राहिली. ओठ थांबले तरी बघतच राहिली. हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडत गेला. मग तिचेही ओठ हलले, तसेच, आवाजाशिवाय.

केव्हा?