भेंडीची परवानगी

गच्चीवरच्या झाडांना बोलतं करणारं यंत्र लावल्यापासून वामनरावांनी एकही भेंडी तोडली नव्हती. पहिली तोडायला गेले तेव्हाच झाड “आई गं!” म्हणालं होतं. आज लेक शर्वरी वर्षभराने जेवायला येणार होती आणि तिला बाबांच्याच हातची भेंडी हवी होती.

“बहुतेक सगळी जून झालीये. लेकीला काड्या वाढू का?” म्हणत त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी थेट झाडालाच गाठलं. “काय गं, फार दुखतं का?”

“थोडं दुखतं. पण जुन्यांचं ओझं वागवत नवी कशी धरू? काकांना म्हणावं, रडू नका, कात्रीला धार लावा.”

डोळे पुसत वामनरावांनी जून भेंड्या उतरवल्या, मग शर्वरीपुरत्या कोवळ्या. धीर येऊन ते वांग्याकडे वळले.

“त्याला विचारत बसू नका, काका,” भेंडी म्हणाली. “ते हात लावायच्या आधीच ओरडतं.”